बालाउसाची नाकं

बाहेर बुरान, तिथलं हिमवादळ, घोंघावायला लागला, की तोगजान लेकीला घेऊन खाली पार्किंगमध्ये फिरायला जायची. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. अस्तानाच्या हिवाळ्यात तान्ही पोरं असलेल्या बायका दुसरं काय करणार? वारा असा, की तोंडाला गुंडाळलेल्या शालीवर श्वासाचाच बर्फ जमतो. आणि पोराला दिवसातून एकदा तरी घराबाहेर काढलं नाही, तर ते घर डोक्यावर घेतं. मग लिफ्टने तळघरात उतरायचं आणि मोटारींच्या रांगांमधून बाबागाडी ढकलत राहायचं. तिथे ऊब असते, दिवे असतात, वारा नसतो.

पण या हिवाळ्यात इंजू तिथे झोपेना.

जन्मल्यापासून तिला पंख्यांच्या घरघरीत झोपायची सवय. भिंतीत बसवलेले ते माणसाएवढे पंखे अहोरात्र चालायचे, आतली हवा बाहेर फेकायचे, बाहेरची आत ओढायचे. त्या आवाजात इंजूच्या पापण्या पहिल्या वळणावरच जड व्हायच्या. आता पंखे गप्प असत. इंजू टक्क डोळे उघडे ठेवून छताकडे बघत राही आणि तोगजान खांबांकडे. प्रत्येक खांबावर, माणसाच्या नाकाच्या उंचीवर, एकेक पांढरी डबी बसवली होती. सगळी सोसायटी त्या डब्यांना ‘बालाउसाची नाकं’ म्हणत होती.

बालाउसा तिची धाकटी जाऊ.

पंखे खरं तर तोगजानचे. म्हणजे या सोसायटीची इंजिनियर ती, आणि पंखे कधीही बंद करायचे नाहीत हा हुकूमही तिचाच. मोटारीच्या धुरात असा एक वायू असतो, की त्याला ना रंग, ना वास. माणसाला वाटतं आपल्याला डुलकी लागतेय, आणि तो परत उठत नाही. तोगजानने कॉलेजात हे वाचलं तेव्हापासून तिच्या मनात ती डुलकी बसली होती. चालू राहू देत पंखे. वीज जाईल, तापवलेली हवा जाईल, जाऊ दे. माणसं तर उठतील ना सकाळी.

पण मागच्या हिवाळ्यात त्याच पंख्यांनी बाहेरची गोठलेली हवा इतकी आत ओढली, की मोटारी आत येतात त्या उताराजवळचा पाण्याचा नळ फुटला. दुसऱ्या दिवशी तिथे काचेसारखा बर्फ. लोक घसरले, मोटारी घसरल्या, आणि त्या जागेला नाव पडलं ‘तोगजानची घसरगुंडी’. तेव्हा तिला सातवा महिना होता. पोट सांभाळत ती त्या बर्फावर मीठ टाकून घेत होती, आणि वरून बायका खिडकीतून बघत होत्या.

मग ती बाळंतपणाच्या रजेवर गेली. ‘तेवढ्यापुरती तू सांभाळ’ म्हणून बालाउसाचं नाव तिनेच सुचवलं. दोघी एकाच कॉलेजच्या. घरातली नोकरी घरात राहील, असा हिशोब. बालाउसा ‘आबीसन, आबीसन’ करत, थोरल्या जावेचा मान ठेवत, मागे मागे फिरायची, सगळं विचारून घ्यायची. आणि पहिला बर्फ पडायच्या आत तिने ती नाकं बसवून घेतली. नाकं हवा हुंगत राहायची. वायू वाढला तर पंखे आधी हळू, मग जोरात फिरायचे. नाही तर झोपलेले. घुसमटही नाही आणि उधळपट्टीही नाही. डिसेंबरचं बिल आलं तेव्हा सोसायटीचे अध्यक्ष बोलातबेक आगा ते हातात घेऊन मजल्यामजल्यावर फिरले म्हणे. निम्मं बिल! आणि पार्किंग इतकं उबदार, की लोक सकाळी मोटारीत बसताना कोटाची बटणंही लावत नव्हते.

आता राहिला होता एकच प्रश्न. मार्चात, नौरीझच्या सणाच्या सुमारास, इंजू वर्षाची होणार आणि तोगजानची रजा संपणार. खुर्ची एक, इंजिनियर दोन. समिती कोणाला ठेवणार?

‘तुमचीच आहे हो ती, आबीसन. मी नुसती राखण करतेय,’ असं बालाउसा दर वेळी म्हणायची. ती ते इतकं गोड म्हणायची, की तोगजान लगेच दुसरा विषय काढायची.

*

दर रविवारी सगळे सासूबाईंकडे, म्हणजे बालाउसाकडेच जमत. आईबाप धाकट्या मुलाकडे राहतात, ही तिथली रीतच. म्हणून सासूबाई, कुल्याश आपा, बालाउसाच्या घरात होत्या, आपांचा समोवार बालाउसाच्या टेबलावर होता, आणि आपांच्या हातचा चहाही आधी तिच्याच माणसांना मिळायचा.

“बस, बस, पोरीला दे इकडे,” आपा म्हणाल्या. इंजूला मांडीवर घेऊन त्यांनी तिच्या गालाचा वास घेतला. “अगं, ही किती फिकट दिसतेय! झोपत नाही का?”

“कशी झोपेल, आपा? पंखेच बंद असतात,” तोगजान म्हणाली.

बालाउसा हसली. “आबीसन, मी तुम्हाला पंख्याचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून देऊ का?”

सगळे हसले. तोगजानचा नवरा ओल्जाससुद्धा. तोगजाननेही दात दाखवले आणि तळलेल्या बाउरसाकचा तुकडा चहात इतका बुडवला, की तो विरघळून तळाला गेला.

“बाकी काही म्हणा,” आपा डोळे मिचकावत म्हणाल्या, “माझ्या थोरल्या सुनेने आभाळ तापवलं, धाकटीने घर तापवलं. दोघीही कामाच्या. आभाळाला पण थंडी वाजत असेल की नाही?”

परत हशा. आपांच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. त्या सगळ्यांनाच अशा टोचत. पण ती सुई तोगजानच्या अंगात रुतून राहिली ती राहिलीच.

त्या दिवसापासून ती पार्किंगमध्ये फिरताना पहारेकऱ्याच्या खोलीपाशी जरा जास्तच रेंगाळायला लागली. खोलीबाहेर भिंतीवर एक छोटा पडदा होता. प्रत्येक नाकाचा आकडा त्यावर दिसायचा. हिरवा, लहान, शहाण्या मुलासारखा. तोगजान बाबागाडी हलवत त्याच्याकडे बघत राही. आज वाढेल. आज कोणीतरी मोटार चालू ठेवून फोनवर बोलत बसेल, आकडा तांबडा होईल, आणि पंखे उठणारच नाहीत. मग धावाधाव होईल. मग कळेल सगळ्यांना, की पंखे सतत चालू ठेवणारी वेडी नव्हती.

आणि मग तिची नजर खाली बाबागाडीत जायची. इंजू आपल्या मोज्याशी खेळत असायची.

आपण विष वाढावं म्हणून वाट बघतोय, आणि आपली पोर त्याच हवेत श्वास घेतेय, हे लक्षात आलं की तिच्या अंगावर काटा यायचा. ती घाईघाईने लिफ्टकडे वळायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. आकडा हिरवा. हिरवा पाहून जीव भांड्यात पडायचा, आणि त्याच क्षणी जळायचाही. एका माणसाच्या छातीत या दोन गोष्टी एकदम कशा मावतात, तिचं तिलाच कळत नव्हतं.

*

फेब्रुवारीत दोन गोष्टी एकाच शनिवारी आल्या. समितीची माणसं नाकांचं काम डोळ्यांनी बघायला खाली येणार होती. ते बघून नोकरीचं ठरवू, असं बोलातबेक आगांनी आधीच सांगून ठेवलं होतं. आणि आदल्याच दिवशी बालाउसाच्या नवऱ्याने नवी मोटार आणली होती.

“मग काय, एकातच दोन कामं!” आपांनी फर्मान काढलं. “मोटारीची दृष्ट काढायची आणि अध्यक्षांकडून आशीर्वाद घ्यायचा. लोकांचं तोंडही गोड होईल.”

पांढरी शुभ्र मोटार खांबाशेजारी उभी होती. तिच्या टपावर आपांनी मूठभर गोळ्या आणि सुटी नाणी उधळली. शेजारपाजारची पोरं त्यांवर तुटून पडली. समितीची माणसं कौतुकाने बघत उभी राहिली. मग आपांनी पिशवीतून आद्रास्पानची, दृष्टीसाठी जाळायच्या वाळलेल्या पाल्याची, जुडी काढली आणि लहान लोखंडी तव्यावर पेटवली. जाळ लगेच विझवला, आणि कडू, जड धूर वर यायला लागला.

“केलिन, सूनबाई, तू धर गं तवा,” आपा तोगजानला म्हणाल्या. “माझं मनगट दुखतंय. मोटारीभोवती फिरव, चारही चाकांना दाखव. म्हण, वाईट डोळा जळो, बाहेर पळो.”

तोगजानने तवा घेतला. धाकट्या जावेच्या मोटारीची दृष्ट काढायला थोरली जाऊच हवी, हे बरोबरच होतं; आणि जिच्या डोळ्यांत ती मोटार सकाळपासून खुपत होती तीच तवा धरून फिरत होती, हे मात्र कोणाला माहीत नव्हतं. ती एका चाकापाशी वाकली, दुसऱ्यापाशी वाकली. वर बघितलं तर तिच्या तोंडासमोर खांब आणि खांबावर नाक.

धुमसणाऱ्या पाल्यातून तोच वायू निघतो, हे तिला ठाऊक होतं. नाकाला मोटार आणि आद्रास्पान यांतला फरक कळत नाही. हुंगलं की उठवलं. समितीसमोर, मूठभर पाल्यासाठी, सगळे पंखे पिसाळल्यासारखे सुटतील. बाहेरची गोठलेली हवा आत घुसेल. बोलातबेक आगांच्या टक्कलावर शहारा येईल. ‘हे असं असतं होय? उगाचच?’

खांबाला लागून आग विझवण्याच्या नळीची पेटी होती. तोगजानने तवा त्या पेटीवर, नाकाच्या बरोबर खाली ठेवला.

“डोक्यावरचा रुमाल सुटतोय,” ती कोणालाही उद्देशून नाही अशी पुटपुटली, आणि रुमाल बांधत बाजूला झाली. मग बाउरसाकचं ताट उचललं आणि समितीच्या माणसांपुढे धरलं. “घ्या ना, आगा. गरम आहेत.”

“तोगजान, तू तर हडकलीस,” बोलातबेक आगा दोन उचलत म्हणाले. “आणि तुझी छोकरी कुठाय?”

ती मागे वळली.

इंजूची बाबागाडी आपांनी ढकलत खांबापाशी नेली होती. तव्यावरचा वर जाणारा धूर त्या हाताने ओढून खाली, बाबागाडीच्या टपाखाली, घालत होत्या. “हिला पण देऊन टाकू धुरी,” आपा म्हणत होत्या. “सगळी इमारत हिच्याकडे बघत असते. माझ्या सोन्याला कोणाची दृष्ट नको.” दोन म्हाताऱ्या शेजारणी मान डोलावत होत्या आणि त्यांनी वाट अडवली होती.

तोगजानने पडद्याकडे बघितलं. आकडा हिरवा नव्हता. पिवळा झाला. तांबडा झाला. पंखे गप्प.

चल. चल ना. मघाशी हेच तिने मागितलं होतं, जिवाच्या आकांताने नाही, तोंडातल्या गोळीसारखं चघळत. आता ती तेच जिवाच्या आकांताने मागत होती. चल, बालाउसाच्या नाका, हुंग, उठव. पंखे गप्प. तिने ताट बोलातबेक आगांच्या हातात कोंबलं, शेजारणींना खांद्याने बाजूला लोटलं, एका हाताने तवा ढकलला आणि दुसऱ्याने बाबागाडी ओढून लिफ्टच्या दाराकडे पळाली. तवा फरशीवर खणकन आपटला.

आणि तेव्हा पंखे उठले.

आधी एक गुरगुर, मग घरघर, मग तीच ती जुनी गर्जना. धूर एकदम आडवा झाला आणि भिंतीकडे पळाला. उताराकडून बर्फाळ वारा आला. म्हाताऱ्यांनी रुमाल आवळले, पोरं किंचाळत हसली.

“ओयबाय!” आपा वाऱ्यात ओरडल्या. “केवढी दृष्ट होती बघा मोटारीवर! बाहेर काढायला सगळं घर घुमलं!”

तोगजानने बाबागाडीच्या टपाखाली डोकं घातलं. इंजूचा श्वास हळू होता, एकसारखा. डोळे मिटलेले. तोगजानने तिच्या गालाला बोट लावलं, मग चिमटा काढला. इंजूने तोंड वाकडं करून कूस बदलली आणि पुन्हा झोपली. पंख्यांच्या आवाजात झोपली होती ती. एवढंच.

“वा! वा!” बोलातबेक आगा ताट सांभाळत टाळ्या वाजवायच्या खटपटीत होते. “मूठभर पाल्याचाही वास आला हो याला! बालाउसा, तुझं नाक म्हणजे लांडग्याचं नाक!”

तर असं झालं. जे तिने मांडलं होतं, त्यातून बालाउसाचीच आरती ओवाळली गेली. तोगजान बाबागाडी धरून उभी राहिली, आणि मग तिला आठवलं, की आकडा तांबडा होऊन किती वेळ गेला होता.

ती बालाउसाजवळ गेली. “किती थांबा ठेवलायस?”

“काय, आबीसन?”

“नाकाने हुंगल्यापासून पंखा फिरेपर्यंत. किती?”

बालाउसाची नजर अध्यक्षांकडे गेली आणि परत आली. “नंतर बोलू या का?”

“आत्ता. माझी पोर धुरात होती.”

“हळू बोला ना. सकाळी सगळे एकदम मोटारी सुरू करतात, दर वेळी पंखे उठायचे. मोटार निघून जायची आणि हे आपले फिरतायत. म्हणून थोडा वाढवला थांबा. मग आणखी वाढवला.” तिचा आवाज बारीक झाला. “बिल आणखी खाली आलं. आगा इतके खूष होते, की...”

“की सांगितलं नाहीस.”

“काय कुजबुज चाललीय, मुलींनो?” बोलातबेक आगा जवळ आले.

तोगजानला महिनोन् महिने जे हवं होतं ते तिच्या हातात होतं. तिने ते सांगितलं. थांबा वाढवलाय, इथे बायका पोरांना घेऊन फिरतात, नाक खरं बोलतं पण त्याचं ऐकायला उशीर होतो. सगळं खरं होतं. सांगायलाच हवं होतं. पण ते सांगताना जिभेवर गोड लागत होतं, आणि ती चव तिला स्वतःला कळत होती.

आगांचा चेहरा उतरला. बालाउसाचे कान लाल झाले. मग तिने हनुवटी वर केली.

“बरोबर आहे. चुकलं माझं. पण आबीसन, एक सांगा. तवा तिथे कोणी ठेवला? एवढं मोठं पार्किंग, आणि तवा नेमका नाकाखाली?”

पंखे एव्हाना हळू झाले होते. सगळ्यांना ऐकू आलं.

“मी ठेवला,” कुल्याश आपा म्हणाल्या.

“आपा, तुम्ही तर...”

“मी ठेवला म्हणते ना! म्हातारीला काय कळतं तुमच्या नाकातोंडातलं? उंच जागा दिसली, ठेवला.” त्यांनी खाली वाकून तवा उचलला, सांडलेला पाला रुमालात गोळा केला. बोलताना त्यांनी ना थोरलीकडे बघितलं ना धाकटीकडे. “आगा, आशीर्वाद राहिला की. मोटार बिचारी थंडीत उभी आहे.”

बोलातबेक आगांनी तळवे वर करून आशीर्वाद दिला, चेहऱ्यावरून हात फिरवला, सगळ्यांनी फिरवला. जाता जाता ते तोगजानपाशी थांबले.

“नौरीझनंतर तू ये कामावर. हुशार माणसं मला मिळतील. पण इथे घाबरट माणूस पाहिजे.”

*

तोगजान जिंकली. तसं म्हणायला हरकत नव्हती. तिने पहिल्याच दिवशी थांबा कमी करून घेतला. नाकाने हुंगलं की पंख्याने हलायचंच.

पण नाकं ‘बालाउसाचीच’ राहिली. लोक लिफ्टमध्ये तिलाच म्हणायचे, “बालाउसाच्या नाकांनी काय मजा केली हो!” आणि बालाउसा? एसिल नदीपलीकडच्या, मोजताना मान दुखेल इतक्या इमारतींच्या नव्या वसाहतीने तिला बोलावून नेलं. शिफारस बोलातबेक आगांची. ‘एकदा चुकलेली माणसं जास्त सांभाळून काम करतात,’ असं म्हणे ते तिथे म्हणाले. रविवारी चहाला ती आता ऑफिसच्या मोटारीतून यायची. “आबीसन, तुमच्यामुळेच,” ती म्हणायची. त्यात टोमणा असायचा की नाही, तोगजान कान टवकारून ऐकायची, आणि तिला काही ठरवता यायचं नाही. तेच जास्त जळवायचं.

आपांनी त्या शनिवारबद्दल कधी एक शब्द काढला नाही. फक्त इंजूच्या वाढदिवसाला, खेळण्यांच्या ढिगाखाली, रुमालात बांधलेली वाळक्या आद्रास्पानची एक पुरचुंडी ठेवली. “पोरीसाठी का?” ओल्जासने विचारलं. “घरातल्या ज्याला लागेल त्याला,” आपा म्हणाल्या आणि चहा ओतायला लागल्या. या वेळी पहिला पेला त्यांनी तोगजानला दिला.

एप्रिल लागला तरी बुरान अजून येतच होता. अशाच एका दुपारी तोगजान कामाच्या मधल्या वेळात इंजूला घेऊन खाली उतरली. आकडा हिरवा. पंखे गप्प. इंजू टक्क जागी, कुरकुरत होती. तोगजानने इकडेतिकडे बघितलं, पहारेकऱ्याच्या खोलीपाशी गेली आणि हाताने एक पंखा चालू केला. घरघर सुरू झाली. इंजूच्या पापण्या जड व्हायला लागल्या, ओठ सुटले, मोजा हातातून गळला.

आणखी थोडा वेळ चालू ठेवावा, असं तिला फार वाटत होतं. पण महिन्याचं बिल तिच्या डोळ्यांसमोर नाचायला लागलं. ते बालाउसाच्या बिलापेक्षा एका कवडीनेही जास्त येता कामा नये. तिने लेकीचा श्वास ऐकला, परत एकदा ऐकला, आणि चटकन पंखा बंद केला.